कण्हेरीचे विष आणि हृदयाची गोळी

वऱ्हाडात कण्हेर नसलेली वस्ती शोधून सापडायची नाही. तिला पाणी कमी लागते, शेळी तिला तोंड लावत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की सारे परसदार करपते, पण कण्हेर मात्र फुललेली असते. पांढरी आणि लाल फुले देवाला जातात. पिवळ्या फुलांची कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, शाळेच्या कुंपणाला आणि कचेऱ्यांच्या आवारात दिसते. तिच्या बियांनी मुले खेळतात. शेताच्या धुऱ्यावर रुई आपोआप उगवते आणि तिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते.

या तिन्ही झाडांच्या चिकात, पानांत आणि बियांत हृदयावर थेट काम करणारी जहाल रसायने असतात. आणि त्याच रसायनांच्या कुळातले एक औषध आपल्याकडच्या कित्येक घरांत फळीवर ठेवलेले असते. डिगॉक्सिन त्याचे नाव. बाजारात ते लॅनॉक्सिन या नावानेही मिळते. हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने खराब झालेले रुग्ण, ज्यांची नाडी फार अनियमित आणि जलद चालते असे वृद्ध, हृदयाचे पंपिंग कमी झालेले रुग्ण यांतल्या अनेकांना ही लहानशी गोळी डॉक्टरांनी दिलेली असते.

आजच्या लेखात आपण या कुळातील रसायने शरीराच्या पेशीवर नेमके काय करतात ते पाहू. विषय थोडा अवघड आहे, पण तो आपल्या अंगणातला आहे. आणि सध्या तो लिहिण्याची गरजही पडली आहे.

एका वाचकाचे पत्र

दर्यापूर तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले. त्यांच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीचे काही डोस झाले, काही बाकी आहेत. घरात पैशाची ओढाताण आहे आणि बाई औषधाच्या उलट्यांनी थकली आहे. गावातल्या एका जाणत्याने सांगितले की कण्हेरीच्या पानांचा काढा कॅन्सरच्या पेशी मारतो. मुलाने मोबाइलवर शोधले, तर परदेशात यावर संशोधन चालू असल्याचे त्याला दिसले. पत्रात शेवटी ते विचारतात, "डॉक्टरसायेब, संशोधन खरं असन तर काढा द्याले हरकत काय हाय?"

उत्तर एका ओळीत आहे. काढा देऊ नका. पण तेवढ्याने भागत नाही, कारण मुलाने जे वाचले ते सगळे खोटे नाही. अर्धवट खरी गोष्ट ही धडधडीत खोट्या गोष्टीपेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणून मुळापासून समजून घेऊ.

झाडांची कुळे वेगळी, रसायनाचे कूळ एक

डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस नावाच्या युरोपातल्या झाडापासून मिळते. त्याचे आणि आपल्या कण्हेरीचे वनस्पतिशास्त्रात काही नाते नाही. पण कण्हेरीतील ओलिअँड्रिन, बिट्टीतील थेव्हेटिन, रुईतील कॅलोट्रॉपिन आणि डिजिटॅलिसमधील डिगॉक्सिन यांची घडण एकाच साच्याची आहे. स्टेरॉइडचा सांगाडा, त्याला एका टोकाला जोडलेले एक विशिष्ट कडे आणि बहुतेकांत दुसऱ्या टोकाला साखरेचे रेणू, अशी ती रचना असते. आफ्रिकेतल्या काही झाडांत वाबेन नावाचे असेच रसायन सापडते. तिथले शिकारी ते बाणाच्या टोकाला लावत. काही बेडकांच्या कातडीतही याच जातीचे विष असते.

स्टेरॉइड हा शब्द वाचून दचकू नका. दम्याला किंवा सांधेदुखीला देतात ती प्रेडनिसोलोनसारखी औषधे वेगळी. इथे फक्त सांगाडा सारखा आहे. कोलेस्टेरॉलचा सांगाडाही तोच असतो.

आपल्या पूर्वजांना या झाडाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात, आणि तिचे दुसरे नाव आहे अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत करवीराची गणना उपविषांत केली आहे आणि शोधन केल्याशिवाय ते वापरू नये असे बजावले आहे. औषधांच्या भारतीय कायद्यातही आयुर्वेदिक विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे. त्यात करवीर आहे. म्हणजे 'झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला' हे म्हणणे खुद्द आयुर्वेदालाच मान्य नाही.

पेशीच्या दारातला पंप

आता पेशीकडे वळू. आपल्या शरीराची प्रत्येक पेशी म्हणजे खाऱ्या पाण्यात ठेवलेली एक बारीक पिशवी. पिशवीबाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. हा फरक टिकला तरच मज्जातंतू संदेश नेतात, स्नायू आकुंचन पावतात आणि पेशी फुगून फुटत नाही. पण सोडियम सतत आत झिरपत असते. पावसाळ्यात विहिरीच्या कामावर जसा पाणी उपसणारा पंप सारखा चालू ठेवावा लागतो, तसा पेशीच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो. तो एका फेरीत सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा या एका कामावर जातो.

हा पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ या शास्त्रज्ञाने खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याआधीच, १९५३ साली, शात्समान यांनी रक्तातील तांबड्या पेशींवर प्रयोग करून दाखवले होते की डिजिटॅलिसच्या कुळातील द्रव्ये सोडियम आणि पोटॅशियमची ही ने-आण थांबवतात. दोन्ही शोध एकत्र आले आणि कोडे उलगडले. कण्हेर, बिट्टी, रुई, डिजिटॅलिस या सर्वांचे विष त्या एकाच पंपाला बाहेरच्या बाजूने जाऊन चिकटते.

आपल्या धुऱ्यावरच्या रुईवर बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. रुईचे विष खाऊनही त्या मरत नाहीत, उलट ते अंगात साठवतात आणि पक्ष्यांना कडू लागतात. या फुलपाखरांच्या पंपाच्या घडणीत अगदी लहानसा बदल झालेला आहे, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. माणसाच्या पंपात तसा बदल नाही.

पंप थोडा अडवला तर औषध

हृदयाच्या पेशीतला पंप थोडासा अडवला, तर आत सोडियम किंचित वाढते. त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाण्याचा वेग मंदावतो आणि पेशीत कॅल्शियमचा साठा वाढतो. स्नायूचे आकुंचन कॅल्शियमवर अवलंबून असते. म्हणून हृदयाचा प्रत्येक ठोका थोडा जोरकस पडतो. याशिवाय ही औषधे एका मज्जातंतूमार्फत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारे संदेश मंदावतात, त्यामुळे भरधाव अनियमित नाडी आटोक्यात येते.

इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिसवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. एका म्हातारीच्या घरगुती काढ्याने जलोदराचे रुग्ण बरे होतात असे त्यांच्या कानावर आले होते. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यांतली गुणकारी कोणती ते त्यांनी ओळखले आणि दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. गुण आला त्यांच्याही आणि न आलेल्यांच्याही. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणे, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणे ही लक्षणे दिसली की औषध थांबवावे असे त्यांनी लिहून ठेवले. म्हातारीचा काढा आणि विदरिंगचे औषध यांत झाडाचा फरक नव्हता, मात्रेचा आणि नोंदीचा होता. पुढे १९३० साली सिडनी स्मिथ यांनी डिजिटॅलिसच्या दुसऱ्या एका जातीतून डिगॉक्सिन वेगळे काढले आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजता येऊ लागली.

१९९७ साली ६,८०० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या रुग्णांत डिगॉक्सिनने मृत्यूचे एकूण प्रमाण कमी झाले नाही, पण रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी आली. २०२५ साली युरोपातील एका चाचणीत १,२०० हून अधिक रुग्णांवर डिजिटॉक्सिन हे जवळचे औषध वापरले, तेव्हा मृत्यू आणि हृदयासाठीची भरती मिळून प्रमाण घटलेले दिसले. म्हणजे २४० वर्षे जुन्या या औषधाची अजून निवृत्ती झालेली नाही.

पंप ही दाराची घंटाही आहे

इथपर्यंतची माहिती आमच्या कॉलेजच्या पुस्तकात होती. नवी गोष्ट पुढची आहे.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो येथे अमीर अस्करी आणि झिजियान शी यांच्या गटाने हृदयाच्या पेशींवर वाबेनचे प्रयोग केले. पंप पूर्ण बंद पडणार नाही इतकी थोडी मात्रा दिली, तरी पेशींच्या आत हालचाल सुरू झाली आणि काही जनुके जागी झाली. पेशी आकाराने वाढू लागल्या. यावरून असा विचार पुढे आला की हा पंप फक्त पाणी उपसत नाही, तो दाराच्या घंटेसारखेही काम करतो. बाहेरून औषधाचा रेणू चिकटला की आतल्या बाजूला असलेल्या सार्क नावाच्या प्रथिनाला इशारा मिळतो. ते पुढच्याला सांगते, पुढचे त्याच्या पुढच्याला. पोळ्याच्या दिवशी वेशीवर तोरण तुटले की जशी बातमी गल्लोगल्ली पोहोचते, तसा हा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि वाढ, दुरुस्ती किंवा मृत्यू यांपैकी एखादा हुकूम निघतो.

निरोप नेमका कसा जातो, पंप त्या प्रथिनाला थेट हलवतो की पंप अडल्याने ऊर्जेचा हिशेब बदलतो म्हणून ते हलते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण एक गोष्ट अनेक प्रयोगशाळांत दिसली आहे. परिणाम मात्रेवर आणि पेशीच्या जातीवर ठरतो. अगदी अल्प मात्रेत मूत्रपिंडाच्या काही पेशी वाढू लागतात, त्यांची संख्या वाढते. हृदयाच्या पेशी जाड होतात. मात्रा वाढवली की त्याच जातीचे रसायन पेशीला मारते.

पेशी मरते तीही दोन प्रकारांनी. एक म्हणजे आतून आलेल्या हुकमाने, शिस्तीत, स्वतःला आवरून घेत मरणे. याला अपॉप्टोसिस म्हणतात. जुनी किंवा बिघडलेली पेशी शरीर असेच काढून टाकते. दुसरा प्रकार म्हणजे पंप ठप्प झाल्यामुळे आतले पोटॅशियम कमी होऊन पेशीचा कारखानाच बंद पडणे. नवी प्रथिने बनायला आत पुरेसे पोटॅशियम लागते. माणसाच्या पेशींत जास्त मात्रेने होणारा मृत्यू मुख्यतः प्रथिने बनणे थांबल्याने होतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले गेले.

मग कर्करोगाचे काय?

आता पत्रातल्या मुलाने वाचलेल्या गोष्टीकडे येऊ. १९७९ साली स्वीडनमधील स्टेनक्विस्ट यांनी लिहिले की डिजिटॅलिस घेणाऱ्या स्त्रियांच्या स्तनाच्या गाठी काहीशा सौम्य स्वभावाच्या दिसतात. २००८ साली अमेरिकेत ग्रेग सेमेन्झा यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की प्राणवायू कमी पडल्यावर गाठीला तग धरायला मदत करणारे एक प्रथिन डिगॉक्सिनमुळे कमी बनते. सेमेन्झा यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले, पण ते पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते या शोधासाठी, डिगॉक्सिनसाठी नव्हे. हे सारे खरे आहे. मुलगा खोटे बोलत नाही.

पण त्याच्या मोबाइलवर दुसरी बाजू बहुधा आली नसावी. २०११ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या अभ्यासात डिगॉक्सिन घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसले. डेन्मार्कच्या अभ्यासात डिगॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के जास्त दिसले. या औषधाचा रेणू स्त्रीसंप्रेरकाशी थोडा मिळताजुळता आहे. काही पुरुष रुग्णांची छाती या औषधाने वाढते, हे डॉक्टरांना जुने माहीत आहे. ज्या बाईला स्तनाचाच कर्करोग आहे, तिच्या घरच्यांनी ही बाजूही लक्षात घ्यायला हवी. मात्र अशा अभ्यासांत केवळ संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या भगिनींनी हे वाचून आपली गोळी मनाने बंद करू नये.

२०२५ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ९ रुग्णांना हृदयरोगात देतात तेवढेच डिगॉक्सिन दिले. रक्तात फिरणारे कर्करोगाच्या पेशींचे पुंजके थोडे लहान झाल्याचे त्यांना आढळले. बातमी आशेची आहे. पण रुग्ण नऊ होते, रक्तातील औषधाची पातळी मोजली जात होती, आणि गाठ बरी झाली असा दावा संशोधकांनीही केलेला नाही.

काचेच्या बशीतून रुग्णापर्यंत

प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात, मग रुग्णाच्या का मरत नाहीत? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण मात्रेचे. डिगॉक्सिनची रक्तातली सुरक्षित पातळी एका मिलीलिटरमध्ये ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम आहे. २ च्या पुढे विषबाधेचा धोका बराच वाढतो. काचेच्या बशीत पेशी मारायला यापेक्षा कितीतरी जास्त, काही प्रयोगांत शंभर पटींच्या आसपास मात्रा लागते. तेवढी मात्रा पोटात गेली तर कॅन्सरच्या पेशीआधी हृदय थांबेल.

दुसरे कारण उंदराचे. उंदरांचा हा पंप या विषाला माणसाच्या पंपापेक्षा शेकडो पटींनी दाद देत नाही. उंदराच्या अंगात माणसाची गाठ वाढवून त्याला औषध दिले, की गाठ मरते आणि उंदीर टुणटुणीत राहतो. वाटते, काय गुणकारी औषध आहे! खरे तर औषधाने गाठ आणि शरीर यांत निवड केलेलीच नसते. ते फक्त माणसाच्या पेशींना मारत असते, आणि रुग्णाच्या बाबतीत तर सगळ्याच पेशी माणसाच्या असतात.

तिसरे कारण पंपाचेच. हा पंप फक्त गाठीत नाही. तो हृदयात, मेंदूत, मूत्रपिंडात, आतड्यांत, सगळीकडे आहे.

कण्हेरीच्या अर्काची माणसांवर चाचणीही झालेली आहे. त्याचे इंजेक्शन अमेरिकेत १८ कर्करुग्णांना दिले गेले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकाही रुग्णाची गाठ मोजण्याइतकी आटली नाही. पुढे कण्हेरीच्या अर्काची कॅप्सूल स्वादुपिंडाच्या कर्करोगात वापरून पाहिली गेली, तिथेही ठरवलेले यश मिळाले नाही. २०२० साली करोनाच्या काळात ओलिअँड्रिन हा करोनावरचा उपाय म्हणून अमेरिकेत गाजवला गेला. तिथल्या औषध प्रशासनाने ते आहारपूरक म्हणून विकायला मान्यता दिली नाही.

आणि ही सारी मोजून-मापून केलेली द्रव्ये होती. घरच्या काढ्यात काय मोजणार? विषाचे प्रमाण झाडाझाडागणिक, ऋतूगणिक आणि पान, मूळ, बी यांगणिक बदलते. मूठभर पाने म्हणजे कोणाची मूठ? उकळल्याने किंवा वाळवल्याने हे विष नाहीसे होत नाही. त्यातून केमोथेरपीच्या उलट्या-जुलाबांनी रुग्णाचे पोटॅशियम आधीच उतरलेले असते. पोटॅशियम आणि हे विष पंपावरच्या जागेसाठी एकमेकांशी झगडतात. पोटॅशियम कमी झाले की विष अधिक घट्ट बसते. म्हणून निरोगी माणसाला कदाचित सोसेल तो काढा केमोच्या रुग्णाला सोसणार नाही. आणि मळमळ-उलटी ही विषबाधेची पहिली लक्षणे केमोच्या उलट्यांत लपून जातील, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

दर्यापूरच्या वाचकांना माझे सांगणे एवढेच की उरलेले केमोचे डोस चुकवू नका. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत, ती आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडे हक्काने मागा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयही आपल्या विदर्भातच आहे.

डिगॉक्सिन घेणाऱ्यांसाठी

ही गोळी तज्ज्ञाच्या हातात गुणकारी आहे. तिला घाबरून बंद करू नका, पण पुढील गोष्टी पाळा.

१. गोळी ठरलेल्या वेळी, ठरलेली तितकीच घ्या. काहींना आठवड्यातून पाचच दिवस दिलेली असते. ती चूक नाही, मुद्दाम दिलेली सुट्टी आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

२. अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उलटी, फार थकवा, गोंधळल्यासारखे वाटणे, वस्तूंभोवती पिवळी-हिरवी झाक दिसणे, किंवा नाडी मिनिटाला ६० पेक्षा कमी भरणे, यांतले काहीही आढळले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. म्हातारे माणूस 'जेवनच नाही जात' म्हणत असेल तर ते पित्त असेलच असे नाही.

३. लॅसिक्ससारखी लघवीची औषधे सोबत असतील तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या. डिगॉक्सिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर तीच नेहमीची मात्रा हळूहळू साचत जाते.

४. आपला वऱ्हाडी उन्हाळा ध्यानात ठेवा. जुलाब लागले, ऊन लागले, लघवी कमी झाली, की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शरीरातील पाणी कमी झाले की औषध साचते.

५. दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिओडॅरोन, व्हेरापामिल अशा औषधांनी तिची रक्तातली पातळी वाढते. ज्येष्ठमधाचे काढे रोज घेतल्यानेही पोटॅशियम उतरते.

६. रक्तातील डिगॉक्सिनची तपासणी सांगितली असेल तर गोळी घेतल्यावर किमान सहा तासांनी रक्त द्या. लगेच दिले तर आकडा फसवा येतो.

कण्हेर किंवा बिट्टी पोटात गेली तर

मूल बी चघळताना दिसले किंवा कोणी मुद्दाम खाल्ले, तरी करायचे ते एकच. वेळ न घालवता रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मीठपाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजून वाट पाहू नका. खाल्लेल्या पानाचा किंवा बियांचा तुकडा सोबत न्या. रुग्ण ठीक दिसतो म्हणून घरी परतू नका. हृदयाची लय बिघडायला कधी कधी बरेच तास लागतात, म्हणून निदान एक दिवस हृदयाच्या आलेखावर नजर ठेवावी लागते. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय असो की अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, इसीजी आणि पोटॅशियम पाहण्याची सोय असलेल्या ठिकाणीच न्या. या विषावर उतारा म्हणून प्रतिपिंडांचे इंजेक्शन जगात आहे, पण ते महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे लवकर पोहोचणे हाच आपला उतारा.

श्रीलंकेत १९८० नंतर बिट्टीच्या बियांनी आत्मघात करण्याची जणू साथच पसरली आणि तिथले दवाखाने भरून गेले. आपल्या विदर्भाला या दुःखाची वेगळी ओळख करून द्यायला नको. घरात कोणी गप्प गप्प झाले असेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येते.

कण्हेर उपटून टाका असे मी म्हणणार नाही. फुले देवाला वाहा, हात धुवा. मुलांना तिच्या बिया खेळायला देऊ नका, छाटलेल्या फांद्या जनावरांच्या वैरणीत मिसळू देऊ नका, तिच्या काडीने दात घासू नका. आणि काढा मात्र, कितीही जाणत्याने सांगितला तरी, चुलीवर ठेवू नका.

पुढील आठवड्यात आपण पोटॅशियमविषयी पाहू. केळी आणि नारळपाणी कोणी खावे-प्यावे आणि मूत्रपिंडाच्या कोणत्या रुग्णांनी टाळावे, याची माहिती त्या लेखात असेल.